पालकांचे प्रश्न : सरकारी खात्यातील पैसा आणि घरची शाळा

या वेळच्या पत्रांमध्ये अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांची पत्रे अधिक आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा विषय एकच आहे. तेथील काही राज्ये, मूल सरकारी शाळेत न घालणाऱ्या पालकांना त्या मुलाच्या नावे ठरावीक रक्कम एका खात्यात देतात. त्या रकमेतून खासगी शाळेची फी, पाठ्यपुस्तके, शिकवण्या, ऑनलाइन वर्ग असा खर्च करता येतो. मुलांना घरी शिकवू पाहणाऱ्या पालकांना हे खाते घ्यावे का, आणि घेतले तर त्यातून काय विकत घ्यावे, असा प्रश्न पडला आहे. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा असल्याने उत्तरेही राज्यानुसार दिली आहेत.

प्रश्न : आम्ही ॲरिझोनातील चँडलर येथे राहतो. मुलगी नऊ वर्षांची असून येत्या वर्षापासून तिला घरीच शिकवण्याचे आम्ही ठरवले आहे. राज्याच्या ‘एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट’साठी अर्ज करावा असे परिचितांनी सुचवले. त्यांच्याच सल्ल्यानुसार सर्व विषयांचा एकत्रित अभ्यासक्रम, टॅबलेट आणि प्रयोगाचे साहित्य अशी मोठी यादीही आम्ही तयार केली आहे. ही योजना घेतल्यास आम्ही ‘होमस्कूलर’च राहू ना? आणि गणितासाठी कोणता अभ्यासक्रम आपण सुचवाल?

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते आधी नीट समजून घेणे आवश्यक आहे. ॲरिझोनात मुलाला घरी शिकवायचे असेल तर पालक काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या, शिक्षण अधीक्षकांकडे तसे प्रतिज्ञापत्र दाखल करतात आणि कायद्याच्या भाषेत तेच होमस्कूलिंग असते. तुम्ही उल्लेख केलेले खाते घेणारे पालक प्रतिज्ञापत्राऐवजी राज्याच्या शिक्षण विभागाशी करार करतात. वाचन, व्याकरण, गणित, समाजशास्त्र आणि विज्ञान हे विषय मुलाला शिकवू आणि करार चालू असेपर्यंत त्याला सरकारी किंवा चार्टर (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या) शाळेत घालणार नाही, असे त्या करारात लिहून द्यावे लागते. पूर्वी प्रतिज्ञापत्र दिलेले असेल तर ते मागे घेत असल्याचे काउंटीला कळवायला हवे. घरातील रोजचा दिवस दोन्ही मार्गांत अगदी सारखा दिसेल, कारण तीच मुलगी त्याच टेबलाशी बसून शिकणार आहे. कायद्यातील तुमचे स्थान मात्र वेगळे असेल. येथे एक फसगत वारंवार होते. मोफत ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या अनेक संस्था प्रत्यक्षात सरकारी चार्टर शाळा असतात. तेथे मुलीचे नाव घातले तर ती सरकारी शाळेची विद्यार्थिनी ठरते आणि खात्याचा करार मोडतो. म्हणून कोणत्याही ऑनलाइन शाळेत प्रवेश घेण्यापूर्वी ‘ही सार्वजनिक शाळा आहे का?’ एवढा एक प्रश्न लेखी विचारून घ्या.

खात्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आजच्या नियमांचे मूळ त्यात आहे. खासगी शाळांची फी थेट सरकारने भरण्याच्या ॲरिझोनातील आधीच्या योजना तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये रद्द केल्या, कारण राज्याच्या घटनेत खासगी शाळांना सरकारी मदत देण्यास मनाई आहे. त्यावर तोडगा म्हणून 2011 मध्ये ही खाती आली. सुरुवातीला ती विशेष गरजा असणाऱ्या मुलांपुरती होती. पैसा शाळेला न देता पालकाच्या हाती द्यायचा आणि तो अनेक प्रकारच्या शिक्षणावर खर्च करण्याची मुभा पालकाला ठेवायची, अशी त्यांची रचना होती, आणि ती न्यायालयात टिकली. 2018 मध्ये योजनेच्या विस्ताराचा एक कायदा मतदारांनी सार्वमतात फेटाळला. पुढे 2022 मध्ये नवा कायदा होऊन राज्यातील सर्व शालेय मुलांना ही योजना खुली झाली. त्यापूर्वी सुमारे 12 हजार मुले योजनेत होती. 2025 मध्ये हा आकडा 90 हजारांच्या पुढे गेला. ज्या योजनेचा पायाच ‘पालक स्वतः शिक्षणावर खर्च करतो’ हा आहे, तिच्यात प्रत्येक खर्च खरोखरच शिक्षणाचा होता का, हा प्रश्न विचारला जाणारच.

तो विचारला गेलाही. जुलै 2024 मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी शिक्षण विभागाला पत्र पाठवून असे बजावले, की पूरक साहित्याची खरेदी एखाद्या प्रत्यक्ष अभ्यासक्रमाशी जोडलेली असली पाहिजे. त्यानंतर काही काळ पेन्सिली आणि गोष्टीच्या पुस्तकांसाठीसुद्धा ‘हे कोणत्या अभ्यासक्रमात लागते?’ याचा कागद जोडण्याची वेळ पालकांवर आली. काही पालक त्याविरुद्ध न्यायालयातही गेले. प्रलंबित अर्जांचा ढीग वाढल्यावर त्याच वर्षअखेरीस 2,000 डॉलरपेक्षा कमी रकमेच्या मागण्या आधी मंजूर करून नंतर तपासण्याची पद्धत विभागाने सुरू केली. यावरून बऱ्याच पालकांचा असा समज झाला, की लहान खरेदीला कोणी विचारत नाही. तो समज चुकीचा आहे, कारण तपासणी रद्द झालेली नसून केवळ पुढे ढकलली गेली आहे, आणि नामंजूर ठरलेली रक्कम खात्यात परत भरावी लागू शकते.

आता तुमच्या यादीकडे वळतो. इयत्ता पहिलीपासून पुढे, विशेष गरजा नसलेल्या मुलासाठी वर्षाला साधारण सात ते आठ हजार डॉलर मिळतात आणि ते दर तिमाहीस हप्त्याने जमा होतात. पैसे रोख हातात येत नाहीत. ‘क्लासवॉलेट’ या प्रणालीतून विक्रेत्याला थेट देता येतात, तिच्यातील दुकानातून खरेदी करता येते, किंवा आधी स्वतः खर्च करून पावतीसह परतावा मागता येतो. शिल्लक रक्कम करार चालू असेपर्यंत पुढे जाते, म्हणून तिमाही संपण्यापूर्वी खाते रिकामे करण्याचे काहीच कारण नाही. ‘फुकट ते पौष्टिक’ ही आपली जुनी खोड येथे महागात पडते. सर्व विषयांचा एकत्रित संच दिसायला सोयीचा असतो, पण नऊ वर्षांचे मूल वाचनात दोन इयत्ता पुढे आणि गणितात अर्धी इयत्ता मागे असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. एकाच इयत्तेचा छाप असलेला संच अशा मुलाला दोन्ही बाजूंनी अडचणीचा ठरतो. संच न पटल्याने परत केलाच, तर त्याचे पैसे तुमच्या खिशात नव्हे, त्याच खात्यात जायला हवेत, आणि अनेक विक्रेत्यांना ही पद्धत धड माहीत नसते. पहिल्या तिमाहीत गणित आणि वाचन या दोनच विषयांचे साहित्य घ्यावे, विज्ञान आणि समाजशास्त्र सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तकांवर चालवावे आणि टॅबलेट तूर्त यादीतून काढावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. स्वतःच्या पगारातून पैसे द्यायचे असते तर जे घेतले असते, तेवढेच घ्या.

गणितासाठी कोणताही अभ्यासक्रम सुचवण्यापूर्वी मुलगी नेमकी कोठे उभी आहे ते पाहावे लागेल. सिंगापूर मॅथ, सॅक्सन आणि मॅथ मॅमथ या तिन्हींच्या स्तरनिश्चिती चाचण्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. चाचणी देताना शेजारी बसा, परंतु मदत करू नका, आणि किती उत्तरे बरोबर आली यापेक्षा पेन्सिल कोठे थबकते ते पाहा. समजा 703 मधून 458 वजा करायचे आहेत. एककाच्या घरात तीनमधून आठ जात नाहीत, दशकाच्या घरात शून्य आहे, म्हणून शतकापर्यंत जाऊन एक शतक सुटे करावे लागते. काही मुले येथे रीतीने सर्व करून 245 लिहितात. काही मुले मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत 355 लिहून मोकळी होतात. आणि काही मुले बराच वेळ थांबून, बोटांवर 458 पासून पुढे मोजत बरोबर उत्तरापर्यंत पोहोचतात. पहिल्या मुलाला पुढचा भाग द्यावा. दुसऱ्याला दशक-शतकाच्या काड्या किंवा ठोकळे हाती देऊन मागचा घटक पुन्हा करवून घ्यावा. तिसऱ्या मुलाला संख्येची जाण उत्तम आहे, फक्त मांडणी शिकायची आहे, आणि इयत्तेचा छाप पाहून घेतलेल्या संचात नेमके हेच मूल दुर्लक्षित राहते.

अभ्यासक्रमांच्या रचनेत दोन ढोबळ पद्धती आढळतात. सिंगापूरच्या शिक्षण खात्याने 1980 च्या दशकात तयार केलेल्या पुस्तकांवरून निघालेले अभ्यासक्रम एकेक घटक सावकाश तडीस नेतात. आधी वस्तू, मग चित्र, मग अंक असा त्यांचा क्रम असतो आणि शाब्दिक उदाहरणे आयताकृती पट्ट्या काढून सोडवायला ते शिकवतात. सॅक्सनमध्ये प्रत्येक पाठात नवा भाग थोडासाच असतो आणि त्यापाठोपाठ जुन्या सर्व घटकांची मिसळलेली उदाहरणे, वरच्या पुस्तकांत तर जवळजवळ तीस, सोडवायची असतात. विसरभोळ्या मुलाला ही उजळणी मानवते. चटकन समजणारे मूल मात्र तिसाव्या उदाहरणापर्यंत वैतागते. ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ संस्थेचा ‘बीस्ट अकॅडमी’ हा चित्रकथेच्या रूपातील अभ्यासक्रम आपल्या मराठी घरांत फार लोकप्रिय आहे. त्यातील कोडी खरोखर सुंदर आहेत, पण ती मुद्दाम अवघड ठेवलेली आहेत. शेजारच्या मुलाला तो आवडला एवढ्यावरून तो घेऊ नये. तुमच्या पत्रात ‘मुलीला शाळेत गणिताची भीती बसली’ असे एक वाक्य आहे. त्या वाक्यामुळे मी तुम्हाला सिंगापूर पद्धतीचे, चाचणीत निघेल त्या स्तराचे, इयत्तेने एक पायरी खालचे असले तरी चालेल असे पुस्तक सुचवेन. बीस्ट अकॅडमीचा विचार वर्षभर तरी पुढे ठेवा.

प्रश्न : आम्हीही ॲरिझोनातच, पिओरिया येथे आहोत आणि खाते घेतलेले आहे. मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याच्यासाठी ऑनलाइन वर्ग निवडताना थेट वर्ग बरे की रेकॉर्ड केलेले? दुसरे असे, की माझे सासरे पुण्यात गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत आणि ते त्याला व्हिडिओ कॉलवर शिकवायला तयार आहेत. खात्यातून त्यांना मानधन देता येईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सासऱ्यांना जरूर शिकवू द्या, पण खात्यातील पैसे त्यात आणू नका. या खात्यातून शिकवणी घ्यायची तर शिकवणाऱ्याच्या पात्रतेचे पुरावे आणि रीतसर बिल लागते, आणि पैसा स्वतःच्याच कुटुंबात फिरताना दिसला तर तपासणाऱ्याचे लक्ष सर्वप्रथम तेथे जाते. आजोबांनी नातवाला शिकवण्यासाठी बिल फाडावे अशी त्यांची अपेक्षा असेल असेही मला वाटत नाही. त्यांच्या तासाला घड्याळाची मात्र अनुकूलता आहे. नवाहो प्रदेश वगळता ॲरिझोनात घड्याळ वर्षातून दोनदा पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे पुण्याशी साडेबारा तासांचे अंतर बाराही महिने कायम असते. तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असताना पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतात. आजोबांचा चहा झालेला असतो आणि नातवाचे जेवण व्हायचे असते. भूमितीतील सिद्धता किंवा बीजगणितातील अवयव पाडणे फळ्यावर तीस वर्षे शिकवलेल्या माणसाकडून शिकायला मिळणे हे कोणत्याही विकतच्या वर्गापेक्षा कमी नाही. फक्त त्यांना मुलाच्या पुस्तकाची प्रत आधी पाठवा, म्हणजे पद्धतींचा गोंधळ होणार नाही.

घड्याळाची हीच गोष्ट इतर थेट वर्गांच्या बाबतीत उलटी पडते. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी चारला असलेला वर्ग तुमच्याकडे हिवाळ्यात दुपारी दोनला येतो. मार्चमध्ये तिकडची घड्याळे पुढे गेली की तोच वर्ग एकला येऊन बसतो. वर्षाच्या सुरुवातीला आखलेले पोहणे आणि तबल्याचे तास मग एकमेकांवर आदळतात. नोंदणी करताना वर्गाची वेळ कोणत्या पट्ट्यातील आहे हे विचारा आणि मार्च ते नोव्हेंबरचे वेळापत्रक वेगळे लिहून काढा.

थेट वर्ग की रेकॉर्ड केलेले, याचा निर्णय विषयागणिक करावा. लेखन, चर्चा आणि परकीय भाषा यांसाठी समोर माणूस हवाच, कारण मुलाचे वाक्य कोणीतरी वाचून त्यात दुरुस्ती करायची असते. गणिताचे नवे तंत्र, विज्ञानातील संकल्पना किंवा संगणकाची भाषा शिकताना मागे जाऊन पुन्हा पाहता येणारे व्हिडिओ अधिक उपयोगाचे ठरतात, आणि यांतील बराचसा भाग खान अकॅडमीवर विनामूल्य उपलब्ध आहे. पालक थेट वर्गाची किंमत तासावरून ठरवतात. मी तुम्हाला वेगळे काही विचारायला सांगेन : वर्गात मुले किती, गृहपाठ शिक्षक स्वतः वाचतात का आणि लेखी अभिप्राय देतात का, आणि पहिले दोन तास झाल्यावर नाव मागे घेतले तर पैसे किती परत मिळतात. आउटस्कूलसारख्या संकेतस्थळांवर वर्ग घेणारे शिक्षक स्वतंत्र असतात आणि दर्जा शिक्षकागणिक बदलतो, म्हणून पूर्ण सत्राच्या वर्गात जाण्यापूर्वी त्याच शिक्षकाचा एखादा एकदिवसीय वर्ग करून पाहावा. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्याला दोन थेट वर्ग पुरे आहेत. पत्रात तुम्ही सहा लिहिले आहेत. इतके केल्यास घरी शिकण्याचा मोकळेपणा जाऊन, पडद्यासमोर भरणारी शाळाच तेवढी उरेल.

बिलाबाबत एक व्यावहारिक सूचना. शिकवणाऱ्याकडून येणाऱ्या प्रत्येक बिलावर मुलाचे नाव, शिकवणाऱ्याचे नाव, विषय, तासांच्या तारखा, दर तासाचा दर आणि एकूण रक्कम असायला हवी, आणि परतावा मागायचा असेल तर पैसे दिल्याचा पुरावा सोबत हवा. ‘गणित शिकवणी, सप्टेंबर, 240 डॉलर’ एवढेच लिहिलेले बिल परत येते. दर महिन्याला त्याच दिवशी बिल मागून घेतले, तर वर्षअखेरीस जुन्या तारखा शोधत बसावे लागत नाही.

प्रश्न : फ्लोरिडातील टँपा येथे आम्ही गेली दोन वर्षे जिल्ह्याकडे नोंद करून मुलांना घरी शिकवत आहोत. आता ‘पर्सनलाइज्ड एज्युकेशन प्रोग्रॅम’ ही शिष्यवृत्ती घ्यावी असे वाटते. जिल्ह्याची नोंद तशीच ठेवून ती घेता येईल का?

उत्तर : ठेवता येणार नाही. 2023 च्या कायद्याने सुरू झालेली ही शिष्यवृत्ती जिल्ह्याकडील गृहशिक्षणाच्या नोंदीला पर्याय आहे, तिची पुरवणी नव्हे. जिल्ह्याची नोंद बंद करत असल्याचे पत्र आधी द्यावे लागते आणि त्यानंतर जिल्ह्याऐवजी ‘स्टेप अप फॉर स्टुडंट्स’सारख्या, शिष्यवृत्ती वाटणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेशी तुमचा व्यवहार राहतो. रक्कम काउंटी आणि इयत्तेनुसार बदलते, पण ती साधारण आठ हजार डॉलरच्या आसपास असते. त्याबदल्यात दरवर्षी प्रत्येक मुलाचा अध्ययन आराखडा तयार करावा लागतो आणि मान्य प्रमाणित चाचणी देऊन तिचा निकाल कळवावा लागतो. जिल्ह्याच्या मार्गात मुलाच्या कामाची फाइल ठेवायची असते आणि वार्षिक मूल्यमापन शिक्षकाकडून फाइल तपासून घेऊनही करता येते. चाचणी हा तेथे अनेक पर्यायांपैकी एक असतो.

तुमच्या पत्रावरून धाकट्या मुलाला परीक्षेचा ताण सोसत नाही असे दिसते. मुलांचे मार्ग वेगळे ठेवता येतात, म्हणून थोरल्याला शिष्यवृत्ती घेऊन धाकट्याला आणखी एक वर्ष जिल्ह्याच्या नोंदीखाली ठेवण्याचा विचार करा. अध्ययन आराखडा लिहिताना ‘पुस्तक अमुक’ असे न लिहिता ‘वर्षअखेरीस अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, सलग दोन पानांचे लेखन’ अशी उद्दिष्टे लिहा. त्यामुळे वर्षाच्या मध्यात पुस्तक बदलले तरी आराखडा तसाच लागू राहतो.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रिमाँटला आहोत. आमच्या राज्यात अशी खाती नाहीत, पण काही चार्टर शाळा घरी शिकणाऱ्या मुलांसाठी पैसे देतात असे ऐकतो. ते खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, परंतु तो पैसा तुम्हाला मिळत नाही. अशा चार्टर शाळा सार्वजनिक शाळाच असतात. तुमचे मूल त्यांचे विद्यार्थी होते, एक पात्र शिक्षक त्याच्यावर देखरेख करतो, दर काही आठवड्यांनी भेटून कामाचे नमुने घेतो, आणि राज्याच्या चाचण्यांच्या वेळापत्रकातही मूल येते. मुलाच्या वाट्याची रक्कम शाळेकडे राहते. तुम्ही मागणी नोंदवायची आणि शाळेने आपल्या यादीतील विक्रेत्याला पैसे द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. धार्मिक स्वरूपाचे साहित्य त्यातून घेता येत नाही. सूक्ष्मदर्शक किंवा टिकाऊ पुस्तके शाळेच्या मालकीची राहतात, त्यामुळे शाळा सोडताना ती परत करावी लागतात. 2019 मध्ये अशाच काही ऑनलाइन चार्टर शाळांच्या जाळ्याविरुद्ध सॅन डिएगो येथे मोठ्या गैरव्यवहाराचा खटला उभा राहिला आणि तेव्हापासून या शाळांवरील देखरेख कडक झाली आहे.

ज्यांना अभ्यासक्रमात कोणाचीही देखरेख नको, ते पालक कॅलिफोर्नियात स्वतःच्या घराची खासगी शाळा म्हणून नोंद करतात. त्याचे प्रतिज्ञापत्र दरवर्षी 1 ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान भरायचे असते. त्या मार्गाने एक डॉलरही मिळत नाही. पण पहिल्यांदाच घरी शिकवत असाल आणि महिन्यातून एकदा अनुभवी शिक्षकाशी बोलायला मिळावे असे वाटत असेल, तर चार्टर शाळेतील पैशापेक्षा तो शिक्षक अधिक मोलाचा आहे. शाळा निवडताना खर्चाची रक्कम न विचारता, एका शिक्षकाकडे किती मुले आहेत ते विचारा.

प्रश्न : टेक्सासमधील फ्रिस्को आणि न्यू जर्सीतील एडिसन येथून दोन पालकांनी आपापल्या राज्यात अशी सोय आहे का, असे विचारले आहे.

उत्तर : टेक्सासमध्ये मे 2025 मध्ये कायदा झाला असून योजना 2026-27 या शैक्षणिक वर्षापासून लागू होते. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलासाठी सुमारे दहा हजार डॉलर, तर घरी शिकणाऱ्या मुलासाठी कमाल 2,000 डॉलर, असा त्यात मोठा फरक ठेवला आहे. मूल अमेरिकेचे नागरिक असावे किंवा देशात कायदेशीर प्रवेश मिळालेले असावे अशी अट आहे, त्यामुळे कामाच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबांनी मुलाच्या प्रवेशाची कागदपत्रे आधीच जुळवून ठेवावीत. दोन हजार डॉलरमध्ये एक चांगला गणिताचा अभ्यासक्रम, एक थेट लेखनवर्ग आणि वर्षभराची पुस्तके व्यवस्थित बसतात. त्यापुढे टेक्सासमध्ये घरी शिकवणाऱ्यांवर एरवी जवळजवळ काहीच बंधने नाहीत, हे लक्षात घेऊन एवढ्या रकमेसाठी नोंदी आणि पावत्यांचा व्याप मागे लावून घ्यायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन किंवा अधिक मुले असतील तर घ्यावे, असे माझे मत आहे.

न्यू जर्सीत अशी कोणतीही योजना नाही. शाळेच्या तोडीचे शिक्षण अन्यत्र देण्याची मुभा तेथील कायदा देतो आणि खर्च पालकांचा असतो.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत राहतो आणि त्याला मुलांना घरी शिकवण्यासाठी सरकारकडून पैसे मिळतात. आम्ही नाशिकला मुलीला सातवीपासून घरी शिकवण्याच्या विचारात आहोत. आपल्याकडे असे काही आहे का?

उत्तर : पालकाच्या हाती पैसे देणारी योजना महाराष्ट्रात नाही. सरकारी पैसा खासगी शिक्षणाकडे जाण्याचा आपल्याकडील मुख्य मार्ग म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातील 25 टक्के राखीव जागा. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना त्या जागांवर मोफत प्रवेश मिळतो आणि सरकार त्याची प्रतिपूर्ती थेट शाळेला करते. महाराष्ट्रात ती प्रति विद्यार्थी वर्षाला 17,670 रुपये ठरलेली आहे आणि ती वेळेवर मिळत नाही अशी संस्थाचालकांची जुनीच तक्रार आहे. प्रवेशही शाळेच्या सुरुवातीच्या वर्गातच होतो, त्यामुळे सातवीच्या मुलीला त्याचा उपयोग नाही.

तुमच्या बाबतीत खर्चाची बाजू मात्र भावाच्या तुलनेत फारच हलकी आहे. बालभारतीची आणि एनसीईआरटीची सर्व पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. भावाच्या मुलांसाठी मराठीची पुस्तके म्हणून त्यालाही तीच कळवा. खरा विचार दहावीच्या परीक्षेचा करायला हवा. आपल्याकडे कोणालाही विचारले तर तो ‘17 नंबरचा फॉर्म भरा’ असे सांगेल. राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या देण्याचा तो मार्ग आहे आणि त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून सध्याच्या शाळेतून बाहेर पडताना तो दाखला न विसरता घ्या. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तेथे वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर माध्यमिक परीक्षेसाठी प्रवेश मिळतो आणि पाच विषयांची उत्तीर्णता हवी असते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि विषय एकेक करून सोडवता येतात. मराठी हा विषयही घेता येतो. सातवीतील मुलीला गायनाचा किंवा खेळाचा सराव अधिक करता यावा म्हणून तुम्ही शाळा सोडत असाल, तर विषय सुटे सुटे देण्याची ही मुभा तिच्या अधिक कामाची आहे. पहिल्या खेपेस भाषा आणि एखादा सोपा वाटणारा विषय, आणि गणित व विज्ञान पुढील सत्रात, अशी वाटणी करून पाहा. एनआयओएसची सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते.